शिंजिराच्या बाजूने मेश्रामबाई

सिंगापुरात हमिंगबर्ड नसतो. हे वाक्य मी आता कुठल्याही जेवणाच्या टेबलावर, कुणी विचारलेलं नसतानाही, छाती पुढे काढून म्हणतो. पण काही वर्षांपूर्वी सेम्बावांगच्या आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीच्या, लिफ्टमध्ये मी माझ्या मुलीला नेमकं उलटं सांगत होतो. खाली बार्बेक्यूच्या ओट्याजवळ, लाल फुलासमोर, अंगठ्याएवढा, पिवळ्याधमक पोटाचा, हवेत पंख भिरभिरवत उभा राहिलेला पक्षी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"हमिंगबर्ड," मी म्हणालो. "शंभर टक्के."

लिफ्टमध्ये आमच्याशिवाय एक बाई होत्या. पंचावन्नच्या पुढच्या, बुटक्या, रुंद खांद्यांच्या. अंगात सलवार-कमीज, त्यावर बाह्या दुमडलेला खाकी पुरुषी शर्ट, पायात पोलादी टोकाचे बूट आणि गळ्यात कॅमेरा. मला वाटलं तमिळ असतील. त्या दाराकडे बघतच मराठीत म्हणाल्या, "हमिंगबर्ड तिकडे अमेरिकेच्या बाजूला असते. इकडे येत नाही. तुम्ही शिंजीर पाहिला."

"पण तो हवेत उभा होता," मी म्हणालो.

"एखाद सेकंद. बसायला जागा नसंन म्हणून. जागा भेटली की बसून जेवते तो, सभ्य माणसासारखा. पुण्याचे काय तुम्ही?"

"हो. कसं ओळखलंत?"

"माहीत नसताना इतकं ठाम दुसरं कोणी बोलत नाही."

सातव्या मजल्यावर दार उघडलं. बाई बाहेर पडल्या, वळल्या. "जय भीम. मी मेश्राम. तो कोपऱ्यातला फ्लॅट माझा. चहा प्यायला या. पक्ष्यांची माहिती मात्र खालीच ठेवून या."

दार मिटल्यावर माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची, अत्यंत समाधानाने, इथल्या सवयीने वाक्याला 'लाह'चं शेपूट लावत म्हणाली, "पप्पा, आय लाइक हर, लाह."

मला पण आवडल्या होत्या. फक्त ते कबूल करायला मला साधारण एक महिना लागला.

मेश्रामबाई मूळच्या नागपूरच्या. इंजिनीयर. शिपयार्डात वेल्डिंगच्या तपासनीस. म्हणजे जहाजाच्या पोटात, जिथे धड उभंही राहता येत नाही अशा टाक्यांमध्ये सरपटत शिरायचं आणि पत्र्याला पत्रा जिथे जोडलाय तिथे केसाएवढी चीर शोधायची. त्यांच्या खिशात कायम तीन वस्तू असत. एक पेन्सिलीएवढी टॉर्च, एक लांब होणाऱ्या दांडीवरचा रुपयाएवढा गोल आरसा, आणि एक पांढरा खडू. चीर सापडली की तिच्याभोवती खडूने गोल काढायचा आणि एकच शब्द बोलायचा, "फेल." मग समोरचा कामगार असो की कंपनीचा डायरेक्टर.

ही सवय यार्डाच्या फाटकाशी थांबत नसे. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा माझ्या बायकोने कौतुकाने बटाट्याची भाजी वाढली. बाईंनी घास घेतला, थोडा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पास. पण मीठ काठावर आहे." बायकोला राग आला. नंतर तीन दिवस ती मीठ मोजून घालत होती. माझ्या नव्या टीव्हीला "पास" मिळालं, तो भिंतीवर जिथे टांगला होता त्या स्क्रूंना "फेल. रिपेअर करा," मिळालं. मी केलं नाही. टीव्ही दोन महिन्यांनी पडला. बाईंना मी सांगितलं नाही, पण भिंतीवरचं नवं प्लास्टर त्यांना लिफ्टच्या बाहेरूनच दिसलं असावं.  फक्त हसल्या, आणि ते जास्त लागलं.

त्यांच्या घरात बुद्धाची एक छोटी पितळी मूर्ती होती आणि तिच्या शेजारी भिंतीवर एकच फ्रेम. फ्रेममध्ये हिरवा डाग होता. खरंच, डागच. कुणीतरी ओल्या रंगावरून बोट फिरवावं तसा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हमिंगबर्ड."

मी चष्मा काढून पुसला.

बाई एकदा दोन महिने ब्राझीलच्या यार्डात कामाला गेल्या होत्या. हॉटेलच्या बागेत साखरपाण्याच्या लाल बाटल्या टांगलेल्या होत्या आणि त्यांच्यावर हमिंगबर्ड रांग लावून येत. पहिल्या रविवारी बाईंनी त्यांचे तीनशे फोटो काढले. पिसं न् पिसं दिसत होतं. रात्री ते बघितले आणि सगळे पुसून टाकले.

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"बाटली समोर होती ना, बाप्पा. मी पक्षी थोडीच पाहून राहिले होते, मी त्याचं जेवणाचं दुकान पाहून राहिले होते." मग पुढच्या रविवारी त्या बस पकडून कुठल्याशा डोंगरात गेल्या. भाषा येत नाही, बरोबर कोणी नाही, डब्यात उकडलेली अंडी. एका फुललेल्या वेलीसमोर दगडावर सहा तास बसल्या. तीन सेकंदांसाठी तो आला. हात थरथरला. हा डाग आला.

"पास," त्या डागाकडे बघत बाई म्हणाल्या. स्वतःच्या कामाला त्यांनी तो शेरा दिलेला मी आयुष्यात एकदाच ऐकला.

इथे त्यांनी काढलेले शिंजिरांचे फोटो मात्र सुरेख होते. नर, मादी, फुलात चोच घातलेले, पंख ताणून आळस देणारे. पण प्रत्येक फोटोत एक खोट होती. कुठेतरी मध्ये पान यायचं. कधी पंखावर, कधी शेपटीवर, कधी थेट अर्ध्या चेहऱ्यावर. मी एकदा म्हणालो, "बाई, जरा डावीकडे सरकला असतात तर पक्षी पूर्ण आला असता."

"सरकले नाही," बाई म्हणाल्या आणि पुढचा फोटो दाखवला. त्यातही पान.

मी त्याला नागपुरी हेका समजलो. आम्ही पुणेकर दुसऱ्यांच्या हेक्याबद्दल फार उदार असतो.

आता बाईंचा धाक कसा पसरला ते सांगतो, कारण त्याचा मी साक्षीदार आहे. एका रविवारी त्या मला जवळच्या पार्कात घेऊन गेल्या. सकाळी साडेसातला तिथे एका कर्दळीसारख्या फुलझाडासमोर आठ पुरुष उभे होते. प्रत्येकाच्या पुढे तिपाई, तिपाईवर लहान तोफेएवढी लेन्स. मध्यभागी आमच्याच कॉन्डोतले, को आडनावाचे म्हणून सगळ्यांचे 'अंकल को'. निवृत्त, सडसडीत, खिशाखिशांचं जाकीट, डोक्यावर मानेवर फडकं सोडलेली टोपी. शिंजिराची मादी पुन्हा पुन्हा एकाच फुलावर येत होती आणि आठही कॅमेरे टाळ्या वाजवल्यासारखे कडकडत होते. शेजारी तशीच दहा फुलं होती. त्यांच्याकडे ती ढुंकून बघत नव्हती.

मेश्रामबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग शांतपणे आठ तोफांच्या समोरून चालत त्या फुलापाशी गेल्या. पक्षी उडाला. मागून आठ उसासे. बाईंनी फूल दोन बोटांनी धरलं, वाकल्या आणि जिभेचं टोक लावलं.

मी दुसऱ्या दिशेला बघून अनोळखी माणसाचा चेहरा करायचा प्रयत्न केला.

"साखर," बाई वळून इंग्रजीत म्हणाल्या. "आणि भरपूर. कॉफीवाला पण इतकी घालत नाही."

अंकल को यांच्या जाकिटाच्या वरच्या खिशातून प्लास्टिकची सिरिंज डोकावत होती. त्यांनी ती हाताने आत ढकलली. "आंटी, सगळेच करतात. थोडंसंच लाह. पक्षी पण खूश, आम्ही पण खूश. तू शॉट बिघडवलास."

"बिघडवला. आता शेजारचं फूल चाटू का?"

"नको," अंकल को घाईने म्हणाले.

"मग पाण्याची बाटली द्या."

त्यांच्याच बाटलीतल्या पाण्याने बाईंनी ते फूल धुतलं, ओढणीने टिपलं आणि येऊन माझ्या शेजारी बसल्या. अर्धा तास आठही तोफा नुसत्या ताटकळल्या. मग मादी आली आणि तिसऱ्या फुलावर बसली, भलत्याच कोनात, उन्हाच्या विरुद्ध. बाईंनी फोटो काढला. मध्ये पान होतं.

त्या दिवसापासून अंकल को त्यांना लिफ्टमध्ये बघितलं की जिने चढत. ते नवव्या मजल्यावर राहत.

आता मुख्य गोष्ट. तिची सुरुवात माझ्या मूर्खपणापासून होते, म्हणून ती मी नेहमी थोडी घाईत सांगतो.

बार्बेक्यूच्या ओट्यामागे एक मोठं झुडूप होतं. त्याच्या छातीएवढ्या उंचीच्या फांदीच्या टोकाला एके दिवशी कचरा लोंबताना दिसला. वाळकी पानं, जळमटं, टिश्यू पेपरचा तुकडा. मी स्वच्छताप्रेमी माणूस. काढून टाकायला हात पुढे केला, तर कचऱ्याच्या बाजूच्या भोकातून एक बाकदार चोच बाहेर आली आणि तिच्यामागे एक रागीट डोळा. शिंजिराचं घरटं. चार पानांची छत्री वरून इतकी बेतशीर आली होती की हातभर अंतरावर येईपर्यंत काही दिसत नव्हतं.

मी मोबाइलवर फोटो काढला आणि कॉन्डोच्या चॅट ग्रुपवर टाकला. आणि शिंजीर म्हटलं तर कोण बघायला येणार, म्हणून वर लिहिलं: 'बार्बेक्यू ओटा क्रमांक दोनजवळ हमिंगबर्डचं घरटं.'

संध्याकाळी मेश्रामबाई दारात उभ्या. मी चप्पल घालायच्या आत त्यांचं बोलणं सुरू झालं होतं.

"तुम्ही टाकलं ते?"

"हो."

"पत्ता पण दिला?"

"ओटा क्रमांक दोन," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"फेल," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुडपासमोर तिपाया उभ्या होत्या. पिल्लं दोन होती, नुकती निघालेली, अजून उघडीबोडकी. मुलं आली, मुलांच्या आया आल्या, आयांचे मोबाइल आले. सगळ्यांची एकच तक्रार होती. पानं मध्ये येतात.

आमच्या कॉन्डोच्या मॅनेजर मिस लिम. कामाला वाघ, आवाज मऊ, हातात सदैव फाइल. त्यांनी तत्परतेने फंक्शन रूममध्ये सभा बोलावली. प्रस्ताव साधा होता. पुढची चार पानं कापायची. म्हणजे रहिवाशांना एक खिडकी मिळेल, मुलांना शिक्षण मिळेल आणि कॉन्डोच्या वार्तापत्राला मुखपृष्ठ मिळेल. शुक्रवारी माळी येणारच आहे, तो हळूच कापील. घरट्याला धक्का लागणार नाही.

"फक्त चार पानं," मिस लिम म्हणाल्या. "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. अंकल को यांचा सगळ्यात आधी. आणि सांगायला लाज वाटते, पण माझाही गेला. पूर्ण नाही. कोपरापर्यंत.

मेश्रामबाई मागच्या रांगेतून उठल्या. यार्डातून थेट आल्या होत्या, कपाळावर हेल्मेटचा वळ होता. हातात गुंडाळी होती. ती त्यांनी टेबलावर उलगडली आणि कोपऱ्यांवर टॉर्च, आरसा, खडू आणि मिस लिम यांचा पाण्याचा ग्लास ठेवला. ते एक जुनं कॅलेंडर होतं. मे महिन्याचं पान. वर शिंजिराच्या घरट्याचा फोटो.

मी असा फोटो आजवर पाहिलेला नाही. मादी घरट्याच्या तोंडाशी, आतून वर आलेल्या दोन केशरी चोची, तिच्या जिभेचं सुतासारखं टोकसुद्धा दिसत होतं. सोनेरी ऊन. आणि मध्ये एकही पान नाही.

अंकल को खुर्चीतून उठून जवळ आले. टोपी काढली. "आंटी, हा तू काढलास? इतका क्लीन?"

"क्लीन आहे," बाई म्हणाल्या. "मीच केला. चार पानं होती, नखं कापायच्या कात्रीनं कापली. घरट्याला हात लावला नाही. फांदी हलली पण नाही. सकाळी नऊला फोटो घेतला अन् कामावर गेले."

 सगळे फोटोकडेच बघत होते.

"दुपारी ऊन थेट आत गेलं. आई पंख पसरून भोकात उभी राहिली, सावली करून. संध्याकाळी परत आले तं तशीच उभी होती. चारा आणायला जाऊ शकली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कावळा आला. पानं होती तोवर कावळ्याला ते दिसत नव्हतं. त्याला खिडकी मी करून दिली."

कॅलेंडरचा उचललेला कोपरा बाईंनी टॉर्चखाली परत सारला.

"फोटोला पहिलं बक्षीस भेटलं. यार्डानं कॅलेंडर छापलं. प्रत्येक केबिनमध्ये लागलं. मे संपला, जून आला, कोणी पान उलटेना. म्हणत, मॅडम, किती सुंदर आहे, राहू द्या. मी पण म्हटलं, राहू द्या. वर्षभर राहिलं. मी दुसऱ्याच्या कामात चीर सापडली की गोल काढते. ही माझी होती."

मग त्यांनी खडू उचलला आणि कॅलेंडरवर, त्या सोनेरी उन्हात जिथे पानं असायला हवी होती तिथे, गोल काढला.

माझा हात खाली आला. अंकल को यांचाही आला. मला बाईंच्या सगळ्या फोटोंमधली ती पानं एकामागून एक आठवली आणि मी त्यांना डावीकडे सरकायला सांगितलं होतं, तेही आठवलं.

पण सभा ही सभा असते. मिस लिम यांनी घसा साफ केला आणि अत्यंत हळुवारपणे सांगितलं की गोष्ट फार हृदयद्रावक आहे, पण मोजणी झाली आहे, ठराव इतिवृत्तात लिहिला गेला आहे, आणि शिवाय मिसेस मेश्राम भाडेकरू असल्यामुळे त्यांना मत नाही. हे सांगताना त्यांनी माझ्याकडेही एक नजर टाकली. मीही भाडेकरूच. म्हणजे माझा कोपरापर्यंतचा हात धरलाच गेला नव्हता. फितुरीसुद्धा फुकट गेली.

"अजून एक," मिस लिम म्हणाल्या. "त्या जागी कोणी अडथळा केला तर मला घरमालकाला कळवावं लागेल."

बाईंनी कॅलेंडर गुंडाळलं. "शुक्रवारी कात्री येऊ द्या," म्हणाल्या.

लिफ्टमध्ये मी विचारलं, "बाई, आता? घरमालकाला कळवलं तर?"

"कळवू द्या. पिल्लांना दहा दिवस पाहिजे. तेवढे मी काढून देईन."

"पण कसे? तुम्ही तर शुक्रवारी ड्युटीवर."

"मग काय झालं? मी यार्डात नसले तरी माझं काम उभं राहते ना तिथे."

शुक्रवारी मी शहराच्या पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं आणि सकाळी आठ वाजता खाली हजर झालो. झुडपासमोर बाई नव्हत्या. खुर्ची नव्हती, फलक नव्हता. फक्त घरट्याच्या फांदीपासून वीतभर खाली, तारेने बांधलेला, पोस्टकार्डाएवढा लाल टॅग लोंबत होता.

हे काय ते ज्यांनी यार्ड पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. यार्डात तपासनिसाला एखादं काम धोक्याचं वाटलं की तो त्यावर लाल टॅग लावतो. टाकीत माणूस उतरला असेल तर तिच्या तोंडाशीही तोच लागतो, म्हणजे बाहेरून कोणी ती बंद करत नाही. टॅगवर नाव, सही, तारीख, कारण. मग त्या कामाला कोणी हात लावायचा नाही. आणि टॅग काढायचा तो ज्याने लावला त्यानेच. दुसऱ्या कोणी काढला, मग तो कितीही मोठा असो, तर त्याच दिवशी घरी.

माळी सेल्वम कात्री घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, बागेत यायच्या आधी नऊ वर्षं यार्डात परांची बांधत होता. त्याने फांदी बघितली, टॅग बघितला. जवळ जाऊन वाचला. मग कात्री जमिनीवर ठेवली आणि तिच्यापासून दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

मिस लिम आल्या. "काय झालं?"

"टॅग आहे, मॅडम."

"हा जहाजावरचा टॅग आहे, सेल्वम. हे झाड आहे."

"सही आहे, मॅडम. तारीख आहे."

"मग तू तो काढ आणि काप."

सेल्वमने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी उघड्या तारेला हात लावायला सांगितला होता. "ज्यानं लावला तो काढणार. मी नाही काढत."

मिस लिम यांनी गच्चीच्या रंगकामाला आलेल्या एका बांगलादेशी तरुणाला बोलावलं. तो आला, टॅग बघून थबकला आणि आल्या पावली परत गेला. सेम्बावांगमध्ये हातात हत्यार धरणारा दर दुसरा माणूस कधी ना कधी यार्डातून आलेला असतो, हा हिशेब मेश्रामबाईंनी मांडून ठेवला होता.

शेवटी मिस लिम स्वतः पुढे झाल्या. फाइल काखेत घेतली, हात टॅगपर्यंत नेला. आणि मग त्यांनी तो वाचला. मी त्यांच्या मागून वाचला. कारणाच्या रकान्यात बाईंच्या चौकोनी अक्षरात लिहिलं होतं: 'आत दोघे आहेत.'

मिस लिम यांचा हात तिथेच राहिला.

"माझे वडील याच यार्डात होते," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, कोणाशीच नाही. "टाकीत उतरायचे. घरी आले की आई आधी विचारायची, आज बाहेर टॅग होता ना?"

त्यांनी हात मागे घेतला आणि फोन लावला. मेश्रामबाई कुठल्याशा जहाजाच्या तळात होत्या, फोन लागला नाही. दुपारी लागला. बाईंचं उत्तर मिस लिम यांनीच नंतर मला सांगितलं, काहीशा चिडून आणि काहीशा, मला वाटतं, अभिमानाने: "आतले बाहेर आले की काढीन."

इतिवृत्तातला ठराव तसाच राहिला. घरमालकाला पत्र गेलं की नाही, मला माहीत नाही. बाईंना विचारलं तर त्यांनी चहात साखर हवी का विचारलं. पुढचा आठवडाभर त्या झुडपासमोर अंकल को खुर्ची टाकून बसत. कॅमेरा झाकून मांडीवर. कोणी जवळ गेलं की ते टोपीच्या फडक्यातून ओरडत, "टॅग दिसत नाही का, लाह?"

सभेनंतर दहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, पहिलं पिल्लू घरट्याच्या तोंडाशी येऊन बसलं. मेश्रामबाई, अंकल को, सेल्वम, मी आणि माझी मुलगी, सगळे पंधरा पावलं लांब. मिस लिम यांना काहीतरी काम निघून त्या नेमक्या तिकडून चालल्या होत्या आणि मग चालल्याच नाहीत. पिल्लू उडालं, म्हणजे पडता पडता कुंपणावर पोचलं. दुसरं येईना. अर्धा तास गेला. आई समोरच्या फांदीवरून चोचीत कोळी धरून बोलावत होती, द्यायला जात नव्हती. मग तेही निघालं, झुडपाच्या डोक्यावर आपटलं, सावरलं आणि कुंपणापलीकडे गेलं.

मी बाईंकडे वळलो. गळ्यात कॅमेरा होता, झाकण तसंच.

"फोटो?"

"हात मोकळे कुठे होते," बाई म्हणाल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अर्धा तास त्यांनी एका हाताने अंकल को यांचं जाकीट आणि दुसऱ्या हाताने माझी कॉलर धरून ठेवली होती.

त्या झुडपाशी गेल्या, तार उलगडली, टॅगवर वेळ घातली आणि खिशात ठेवला. सेल्वमने विचारलं, आता कापू का. त्या म्हणाल्या, आता तुमचं काम.

महिनाभराने त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. पुढचं काम कोरियातल्या एका यार्डात. निघायच्या दिवशी आम्ही सगळे खाली जमलो. दोन बॅगा, एक कॅमेरा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो हिरवा डाग. बायकोने वाटेत खायला धपाटे दिले. बाईंनी डबा उघडून वास घेतला, बंद केला. माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मिस लिम यांच्याशी हस्तांदोलन केलं, जरा जोरात. मला म्हणाल्या, "बरं, पुणेकर," आणि टॅक्सीत बसल्या.

टॅक्सी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. मागचं दार उघडलं. बाई उतरल्या, त्या बुटांनी हिरवळ तुडवत झपझप कुंपणाकडे गेल्या. तिथे कोपऱ्यात एक दुसरंच झुडूप आहे, जे दर पंधरवड्याला चौकोनी कापलं जातं आणि ज्याला त्यामुळे कधी फूल येत नाही. त्या वाकल्या. दोन मिनिटं त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मग उठल्या, मागे न बघता टॅक्सीत बसल्या, आणि टॅक्सी वळली.

आम्ही धावलो. फांदीला लाल टॅग होता. नाव, सही, आजची तारीख. सेल्वमने पानं बाजूला न करता चारी बाजूंनी वाकून बघितलं, अंकल को यांनी लेन्स लावून बघितलं, माझी मुलगी जमिनीवर पालथी पडून खालून बघून आली. घरटं नव्हतं. अंडं नव्हतं. काही म्हणजे काहीच नव्हतं.

"आता हा कोण काढणार?" मिस लिम यांनी विचारलं.

सेल्वमने खांदे उडवले. ज्यांनी लावला त्या विमानतळाच्या वाटेवर होत्या.

याला आता तीन वर्षं होतील. ते झुडूप माझ्या डोक्यावर गेलं आहे, कुंपण ओलांडून बाहेरच्या फुटपाथवर झुकलं आहे, आणि वर्षातले निम्मे दिवस लाल फुलांनी पेटलेलं असतं. शिंजीर येतात, बसून जेवतात. टॅगचा रंग उडाला आहे, पण सही अजून वाचता येते, आणि कारणाच्या रकान्यातले ते दोन शब्दही: 'तपासणी बाकी.'